केस इंटरव्ह्यूची तयारी, नागपुरात बसून आणि कोचिंग न लावता

नोकरीच्या मुलाखतीत धंद्याचा एखादा प्रश्न देऊन तो बोलत बोलत सोडवायला लावतात, त्याला केस इंटरव्ह्यू म्हणतात. तो म्हटला की पोरं सगळ्यात आधी पीडीएफ गोळा करतात. टेलिग्रामच्या कुठल्यातरी ग्रुपमधून जाडजूड केसबुकं डाउनलोड होतात, फ्रेमवर्कचे, म्हणजे प्रश्न फोडायच्या ठरलेल्या साच्यांचे, स्क्रीनशॉट मोबाइलमध्ये साठतात आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्रीपर्यंत एकही केस तोंडाने सोडवलेली नसते. मी नागपूरच्या आणि आजूबाजूच्या म्हणजे वर्धा, अमरावती, यवतमाळकडच्या पोरापोरींचे मॉक, म्हणजे सरावाचे इंटरव्ह्यू, घेत असतो, आणि हुशार मुलं अडकतात ती बहुतेक वेळा इथेच, डोक्यात सगळं असतं पण बाहेर येत नाही. म्हणून महत्त्वाचं आधीच सांगून टाकतो, ही वाचायची परीक्षा नाही, बोलायची आहे. तुमच्या तयारीतला अर्ध्याहून जास्त वेळ समोर माणूस बसवून मोठ्याने केस सोडवण्यात गेला पाहिजे. खाली जे काही लिहिलंय ते ह्याच एका गोष्टीला धरून आहे.

समोरचा नेमकं काय बघतो

तुम्हाला एका धंद्याचा प्रश्न देतात, नफा घसरलाय, नवीन शहरात जायचंय, नवीन वस्तूची किंमत ठरवायचीय, एखादी कंपनी विकत घ्यायची की नाही, आणि वीस-पंचवीस मिनिटांत तुम्ही बोलत बोलत तो सोडवायचा. मॅकिन्झी, बीसीजी, बेन ह्या कन्सल्टिंगच्या, म्हणजे धंद्याचा सल्ला देणाऱ्या, कंपन्यांकडची भरती तर ह्याच्यावरच चालते, पण आता अ‍ॅनालिटिक्सवाले, बिग फोरवाले (डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय, केपीएमजी), स्टार्टअपमधली बिझनेस अ‍ॅनालिस्ट आणि प्रॉडक्टची पदं, सगळीकडे फ्रेशरला एखादी छोटी केस टाकतातच. त्यामुळे आपल्याला कुठे मॅकिन्झी मिळणार आहे असं म्हणून हा भाग सोडून देऊ नका.

उत्तर बरोबर आलं का हे ते सगळ्यात शेवटी बघतात. त्याआधी बघतात की तुम्ही प्रश्न नीट समजून घेतला का, गुंता सोडवायला काही पद्धत लावली का, आकडे बघून घाबरलात का, आणि हिंट दिली तर ती पकडली का. ही हिंटची गोष्ट पोरं फार हलक्यात घेतात. इंटरव्ह्यूअर म्हणाला "खर्चाबद्दल तुम्हाला खात्री आहे का?" तर तो टाइमपास करत नसतो, रस्ता दाखवत असतो, तिथे थांबून परत बघायचं, आपलंच घोडं पुढे दामटायचं नाही.

अजून एक, केस दोन तऱ्हेची असते. एकीत गाडी तुम्ही चालवता, काय विचारायचं, कुठे जायचं सगळं तुमच्यावर. दुसरीत इंटरव्ह्यूअर एकामागून एक ठरलेले प्रश्न विचारतो, मॅकिन्झीची पद्धत साधारण अशी आहे. दोन्हीचा सराव हवा पण सुरुवात पहिलीपासून करा, कारण तिच्यात लपायला जागाच नसते.

पहिली दोन मिनिटं

केस ऐकताना लिहून घ्या, सगळं नाही, आकडे आणि नावं. मग प्रश्न स्वतःच्या शब्दांत परत सांगा. मग दोन-तीनच प्रश्न विचारा पण कामाचे: कंपनी नेमकं विकते काय, घसरण कधीपासून, आणि ध्येय काय, म्हणजे नफा किती आणि किती दिवसांत परत हवाय. हा शेवटचा प्रश्न दहातले आठ जण विसरतात आणि मग पंधरा मिनिटं भलत्याच दिशेने जातात.

त्यानंतर एक मिनिट मागून घ्या आणि खरंच घ्या. शांतता झाली की आपली पोरं घाबरून बोलायला लागतात, काहून की गप्प बसलं तर येत नाही असं वाटेल. असं कोणाला वाटत नाही. त्या मिनिटात कागद आडवा धरून प्रश्नाच्या फांद्या काढा आणि मग त्या एकेक करून समोरच्याला समजावून सांगा.

फांद्या काढताना मीसी (MECE) नावाची एक कसोटी लावतात. बार्बरा मिंटो नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात मॅकिन्झीत असताना ती मांडली. अर्थ सोपा आहे, एक गोष्ट दोन फांद्यांत येता कामा नये आणि कुठलीही गोष्ट सुटता कामा नये. नागपूरचे ग्राहक "विद्यार्थी, नोकरीवाले आणि तरुण" असे पाडले तर तरुण विद्यार्थी दोन्हीकडे मोजला जातो आणि घरी असलेल्या आजी कुठेच नाहीत. एवढंच तपासायचं असतं.

फ्रेमवर्क पाठ करू नका असं मी म्हणणार नाही, तीन-चार माहीत असावेतच, नफ्याचं झाड, बाजारात शिरण्याचं, किंमत ठरवण्याचं. मायकल पोर्टरने १९७९ मध्ये मांडलेल्या पाच फोर्सेसही, म्हणजे एखाद्या धंद्यात स्पर्धा किती कडक आहे ते बघायच्या पाच बाजू, वाचून ठेवा. पण इंटरव्ह्यूत त्यांचं नाव घेऊन सुरुवात करू नका. समोरच्याने ती यादी हजार वेळा ऐकलेली असते, त्याला ह्या धंद्याबद्दल ऐकायचं असतं.

एक पूर्ण केस, मेसची

उदाहरण मुद्दाम छोटं घेतो. समजा केस अशी आहे: प्रताप नगरात एक काकू मेस चालवतात. गेल्या वर्षी महिन्याला ६५ हजार सुटायचे, यंदा ३८ हजारच सुटून राहिले. काय झालं आणि काय करायचं?

मॉकमध्ये हे दिलं की लगेच येतं, स्विगी-झोमॅटोवर टाका, इन्स्टावर पेज काढा, खर्च कमी करा. रोग कळायच्या आत औषध. असं करू नका. आधी विचारा की धंद्यात काय काय आहे, फक्त महिन्याचे मेंबर की डबे आणि एकेकटी थाळीपण? समजा उत्तर आलं, फक्त महिन्याचे मेंबर. छान, अर्धं काम हलकं झालं.

आता झाड. नफा म्हणजे उत्पन्न वजा खर्च. उत्पन्न म्हणजे मेंबर गुणिले महिन्याचे पैसे. खर्चात एक भाग मेंबरमागे वाढतो, किराणा, भाजी, गॅस, आणि दुसरा मेंबर किती का असेनात तेवढाच राहतो, भाडं, स्वयंपाकाच्या बाईंचा पगार, लाइट. हे तोंडाने बोलून दाखवायचं आणि मग म्हणायचं की मी आधी उत्पन्नाकडे बघतो, कारण मेंबर कमी झाले की नाही हे एका आकड्यात कळेल. कुठून सुरू करतोय आणि काहून, हे एक वाक्य बोलाच.

इंटरव्ह्यूअर आकडे देतो. गेल्या वर्षी १५० मेंबर, २,८०० रुपये महिना, मेंबरमागे खर्च १,५००, ठरलेला खर्च १ लाख ३० हजार. यंदा १२० मेंबर, ३,००० रुपये, मेंबरमागे खर्च १,६००, ठरलेला खर्च तेवढाच.

इथे बरेच जण लगेच म्हणतात की किराणा महागला म्हणून नफा घसरला. थांबा. कागदावर करा. गेल्या वर्षी एका मेंबरमागे सुटायचे १,३००, यंदा सुटतात १,४००. म्हणजे महागाई काकूंनी भाव वाढवून भरून काढली, उलट १०० रुपये जास्तच उरतात. राहिलेल्या १२० मेंबरवर हा फायदा १२ हजारांचा. आणि गेलेल्या ३० मेंबरचे १,३०० प्रमाणे गेले ३९ हजार. ३९ वजा १२, बरोबर २७ हजार, जेवढा नफा घटला तेवढाच. म्हणजे खर्चाकडे बघायचं कारणच नाही, प्रश्न एकच उरला, ३० माणसं गेली कुठे. हे असं बोलून दाखवलं की समोरचा पेन खाली ठेवून तुमच्याकडे बघतो. मी मॉक घेतो तेव्हा ह्याच जागेवर मला कळतं की मुलगा तयार झालाय की नाही.

आता पुढचा प्रश्न तुम्ही विचारायचा: गेलेले लोक कोण होते? विद्यार्थी की नोकरीवाले? भाव २०० ने वाढला म्हणून गेले की अजून काही? समजा उत्तर आलं, विद्यार्थी ९० होते ते ८८ झाले, नोकरीवाले ६० होते ते ३२ उरले. भाव तर दोघांनाही सारखाच वाढला, आणि विद्यार्थ्यांचा हात जास्त आखडता असतो तरी ते टिकले, मग नुसत्या भावामुळे गेले असं म्हणणं पटत नाही. नोकरीवाल्यांसाठी काय बदललं? तुम्ही विचारता मेसची वेळ काय, उत्तर येतं नऊला बंद, आणि मिहानकडे, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, काम करणाऱ्या बऱ्याच जणांची शिफ्ट यंदा बदलली, ते साडेनऊला घरी पोचतात. सापडलं.

उपाय सांगताना आकडा जोडा. मेस साडेदहापर्यंत उघडी ठेवायची तर एका मदतनीसाचे समजा ६ हजार जास्त लागतील. मेंबरमागे १,४०० सुटतात म्हणजे पाच जण परत आले तरी खर्च निघाला. २८ पैकी १५ जरी आले तर २१ हजार वाढतील, ६ हजार गेले, नफा ३८ वरून ५३ हजारांवर. आणि शेवटी जोखीम, एवढ्या दिवसांत त्यांनी दुसरी मेस धरली असेल, म्हणून मदतनीस ठेवायच्या आधी काकूंनी दहा-बारा जुन्या मेंबरना फोन करून विचारावं.

शेवटचं उत्तर मात्र उलट्या क्रमाने द्यायचं. आधी निर्णय: "मेस साडेदहापर्यंत उघडी ठेवा." मग दोन कारणं आकड्यांसकट, मग जोखीम, मग उद्या सकाळी काय करायचं. चाळीस-पन्नास सेकंदांत. आपल्याकडे गोष्ट सुरुवातीपासून सांगायची सवय असते, आधी हे झालं मग ते झालं, इथे ती मोडावी लागते आणि ती फक्त बोलून बोलूनच मोडते.

गेसटिमेट

गेसटिमेट म्हणजे माहिती हातात नसताना पायरीपायरीने काढलेला अंदाज. नागपुरात दर उन्हाळ्यात किती कूलर विकले जातात? असा प्रश्न आला तर आपण नशीबवान, मुंबईच्या पोराला ह्यातलं काही माहीत नसतं. खरा आकडा कोणालाच नको असतो, पायऱ्या हव्या असतात.

२०११ च्या जनगणनेत नागपूर शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या थोडी वर होती, आता हिशोबाला सोपं म्हणून ३० लाख धरू. घरात चार माणसं, म्हणजे साडेसात लाख घरं. तीन थर पाडू. वरचे २० टक्के म्हणजे दीड लाख घरं, एसी आहे तरी हॉलमध्ये एक कूलर धरा, दीड लाख. मधले ५० टक्के म्हणजे पावणेचार लाख घरं, घरामागे दीड कूलर, साडेपाच लाखांच्या थोडे वर. खालचे ३० टक्के म्हणजे सव्वादोन लाख घरं, दहातल्या सहा घरांत एक, एक लाख ३५ हजार. एकूण साधारण साडेआठ लाख कूलर शहरात आहेत.

पण प्रश्न किती आहेत हा नाही, किती विकले जातात हा आहे, आणि इथेच पोरं घसरतात. कूलर आठ वर्षं चालतो धरला तर दरवर्षी एक लाख सहा हजारांच्या आसपास बदलले जातील. घरं वर्षाला दोन टक्क्यांनी वाढतात धरलं तर १५ हजार नवीन घरं, त्यांचे साधारण १७ हजार. झाले सव्वा लाखाच्या आसपास. वर दुकानं, ऑफिसं, होस्टेलं, मंगल कार्यालयं ह्यांचे २० टक्के, म्हणजे दीड लाख.

मग पडताळा. सीझन मार्च ते मे धरला तर ९० दिवस, म्हणजे दिवसाला साधारण १,७०० कूलर शहरभर. पाचशे दुकानं धरली तर एका दुकानातून दिवसाला तीन-चार. पटण्यासारखं आहे.

आणि आता ती गोष्ट जी फक्त इथे राहिलेला माणूस सांगेल: लोखंडी बॉडीचा कूलर आपल्याकडे लोक टाकून देत नाहीत, गवत बदलतात, पंप बदलतात, तळाला गंज लागला तर पत्रा मारून घेतात आणि चालवत राहतात. म्हणजे आठ वर्षांचं गृहीतक सगळ्यात कच्चं आहे. बारा वर्षं धरली तर उत्तर दीड लाखावरून एक लाख पाच हजारांच्या आसपास येतं. आपल्या हिशोबातला सगळ्यात नाजूक आकडा कोणता हे स्वतःहून सांगणं, ह्याला फार मार्क असतात.

असे प्रश्न चालता चालता घालत जा. सीताबर्डी इंटरचेंजला सकाळी नऊ ते दहा किती लोक गाडी बदलत असतील, शंकर नगर चौकातला तर्री पोह्याचा ठेला दिवसाला किती प्लेटी विकतो, कळमना मार्केटमध्ये संत्र्याच्या सीझनला रोज किती गाड्या येतात. पोहेवाल्याला विचाराही, ते सांगतात, फक्त त्यांची गर्दी ओसरल्यावर विचारा. पाठ करायचे आकडे फार थोडे: देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या वर, २०११ ला शहरी भाग साधारण ३१ टक्के, महाराष्ट्र तेव्हा ११ कोटींच्या वर, नागपूर जिल्हा साडेसेहेचाळीस लाख. एवढ्यावर बरंच काही उभं राहतं.

संत्र्याची केस

मार्केट एन्ट्रीच्या, म्हणजे नवीन बाजारात शिरण्याच्या केसच्या, सरावासाठी आपल्याकडे घरचं उदाहरण आहे. समजा एका ज्यूस कंपनीला विदर्भात संत्र्याच्या रसाचा कारखाना टाकायचाय, टाकावा का? पाठांतरवाला म्हणेल बाजार मोठा आहे, नागपूरची संत्री प्रसिद्ध, २०१४ ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, टाका.

जरा खोलात जा. संत्र्याचे दोन बहार, आंबिया आणि मृग. दोन्ही धरले तरी वर्षाचे काही महिने फळच नसतं, मग मशीन तेव्हा काय करणार? आणि नागपुरी संत्रं सोलून खायला उत्तम, पण रस काढून ठेवला की थोड्या वेळाने कडवट होतो, लिमोनिन नावाच्या घटकामुळे. ज्यूसवाल्याला हा कडवटपणा काढायचा खर्च आला किंवा दुसऱ्या जातीचं फळ आणायला लागलं. परत शेतकऱ्याला ताज्या फळाला चांगला भाव मिळत असताना तो कारखान्याला काहून देईल? कारखान्याकडे उरतं बारीक आणि डागी फळ, ते स्वस्त पडतं हे मात्र चांगलं. बाजूला निर्यातीचं बघा, बांगलादेश आपला मोठा गिऱ्हाईक, त्यांनी आयात शुल्क टप्प्याटप्प्याने वाढवल्यावर तिकडे जाणारा माल घटला, म्हणजे अशा वर्षी इथे भाव पडतात आणि कारखान्याला फळ मिळायला सोपं जातं. एवढं बोललात की केस कंपनीच्या आकड्यांवर आपोआप येते: वर्षातले किती दिवस मशीन चालेल, बाकीच्या दिवसांत मोसंबी की डाळिंब, किलोमागे किती रस निघतो.

हे सगळं कुठून कळतं? पेपरातून. ॲग्रोवन वाचा, लोकमत-सकाळची बाजारभावाची आणि नागपूरची पानं वाचा. रोज एक बातमी घ्या आणि पाच मिनिटं विचार करा की ह्यात पैसा कुठून येतो, कुठे जातो आणि कोणाचं नुकसान होतं. मेट्रोची बातमी आली की विचारा की खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर अशा दोन लाइनी २०२२ च्या डिसेंबरपासून पूर्ण चालू आहेत, मग अजून प्रवासी वाढवायचे तर तिकिटाचा भाव, स्टेशनपासून घरापर्यंतचा शेवटचा किलोमीटर आणि गाड्यांची वेळ ह्यातलं आधी काय धरायचं.

आकडेमोड

कॅल्क्युलेटर नसतो. रोज पंधरा मिनिटं तोंडी हिशोब, एवढंच. टक्केवारी, गुणाकार, भागाकार, आणि शून्यं. सगळ्यात जास्त चुका शून्यांत होतात, त्यात परदेशी कंपनीची केस असली की मिलियन-बिलियन येतं. दहा लाख म्हणजे एक मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन, लाख कोटी म्हणजे एक ट्रिलियन, हे झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे. आणि ७२ चा नियम, वाढीच्या टक्क्याने ७२ ला भागा, किती वर्षांत दुप्पट होईल ते साधारण कळतं, वर्षाला ९ टक्के असेल तर आठ वर्षं. हिशोब करतानाही बोलत राहा, म्हणजे मध्ये चुकलं तर समोरचा तिथेच टोकतो, शेवटी नाही.

सराव कोणासोबत, कुठे, किती

पार्टनर शोधा, दोन-तीन. एकच असला की तुम्हाला एकमेकांची सवय होते आणि तो तुमचं अर्धवट वाक्यही समजून घेतो, इंटरव्ह्यूअर घेणार नाही. स्वतःच्या कॉलेजात नसेल तर दुसऱ्या कॉलेजातला शोधा, व्हीएनआयटी, रामदेवबाबा, वायसीसीई, एलआयटी, विद्यापीठाचे विभाग, सगळीकडे तयारी करणारे असतात, आणि आयआयएम नागपूर मिहानमध्ये आहे, तिथे ओळखीचं कोणी असेल तर एखादा मॉक द्या म्हणून विचारायला लाजू नका. सिनियर लोक हो म्हणतात. फक्त रिझ्युमे पाठवून "दादा गाइड करा" एवढंच लिहू नका, "शनिवारी संध्याकाळी चाळीस मिनिटं एक प्रॉफिटेबिलिटीची केस घ्याल का" असं लिहा.

जागेचा प्रश्न खरा आहे. अभ्यासिकेत तर तोंडातून शब्द काढता येत नाही, आणि रूमवर चार जण. अंबाझरीच्या काठावर सकाळी बसा, कॉलेजच्या रिकाम्या वर्गात बसा, किंवा गूगल मीटवर करा, कारण पहिला राउंड तसाही बहुतेक ऑनलाइनच असतो.

महिना-दीड महिना हातात असेल तर पहिला आठवडा समजून घेण्यात आणि तीन-चार केसेस नुसत्या ऐकण्यात घालवा, त्यानंतर आठवड्याला चार-पाच केसेस, त्यातल्या निम्म्या स्वतः सोडवायच्या आणि निम्म्या दुसऱ्याला द्यायच्या. केस देणं हा भाग कोणी टाळू नका. समोरच्याच्या खुर्चीत बसलं की पहिल्यांदा कळतं की पाल्हाळ ऐकायला किती कंटाळवाणं असतं. केसेस मॅकिन्झी, बीसीजी, बेन तिघांच्याही वेबसाइटवर फुकट आहेत. महिनाभरात वीस-पंचवीस नीट केलेल्या पुरतात, शंभर वरवरच्या करण्यात अर्थ नाही.

प्रत्येक मॉकनंतर दहा मिनिटं फीडबॅक, आणि त्यात "मस्त होतं बे" चालत नाही. कुठे अडकला, कुठला प्रश्न विचारायला हवा होता, कुठे समोरच्याचं लक्ष उडालं, हे लिहून घ्या. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. ऐकायला कसंतरी होतं, तरी ऐका, आपण "म्हणजे" आणि "अ‍ॅक्च्युअली" किती वेळा म्हणतो ते तेव्हाच कळतं.

भाषेबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण मराठी मीडियमची पोरं ह्याच भीतीने फॉर्मच भरत नाहीत. पहिल्या आठ-दहा केसेस बिनधास्त मराठीत सोडवा. विचार आधी बसू द्या. मग त्याच केसेस इंग्रजीत परत करा, आता फक्त शब्द शोधायचेत, उत्तर माहीत आहे. चार-पाच वाक्यं इंग्रजीत पाठच करून टाका, प्रश्न परत सांगायचं, एक मिनिट मागायचं, एका फांदीवरून दुसरीवर जायचं, शेवटचा निर्णय सांगायचं. साधी छोटी वाक्यं चालतात, जड इंग्रजी कोणी मागत नाही. हळू बोला. घाईने बोललेल्या सफाईदार इंग्रजीपेक्षा हळू बोललेलं स्वच्छ स्ट्रक्चर जास्त ऐकलं जातं.

बाकीचे प्रश्न आणि तो दिवस

केसच्या आधी किंवा नंतर स्वतःबद्दलचे प्रश्न असतात, टीममध्ये भांडण झालं तेव्हा काय केलं, कोणाला पटवलं, कुठे पुढाकार घेतला. तीन खऱ्या गोष्टी तयार ठेवा आणि त्यात "आम्ही" कमी, "मी" जास्त. गणेशोत्सवाच्या मंडळाचा हिशोब सांभाळला असेल, घरच्या दुकानात बसला असाल, एनएसएसचं शिबिर काढलं असेल, सगळं चालतं, आकडे सांगा फक्त.

ऑनलाइन असेल तर उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात लाइटचा भरवसा धरू नका, लॅपटॉप चार्ज, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार, आणि कूलर बंद, कारण त्याचा आवाज माइकमध्ये समोरच्याला घरघर ऐकू येतो. गरम होईल, होऊ द्या. कोरे कागद आणि दोन पेनं. कॅमेऱ्यात कागद दाखवता येत नाही म्हणून फांद्या नंबर देऊन बोला, पहिली ही, दुसरी ही. प्रत्यक्ष पुण्या-मुंबईला बोलावलं तर रात्रभर गरीबरथ किंवा विदर्भ एक्स्प्रेसने जाऊन त्याच सकाळी इंटरव्ह्यूला बसू नका, एक दिवस आधी पोचा, कोणा मित्राकडे राहा.

मध्येच अडकलात तर बोला की मी इथे अडकलोय, आतापर्यंत हे एवढं कळलंय, आता ह्या दोन दिशा दिसतात आणि त्यातली ही आधी बघतो. हिशोब चुकला आणि लक्षात आलं तर लगेच सांगून दुरुस्त करा, लपवू नका.

आणि बाहेर पडलात की घरी फोन करायच्या आधी, तिथेच कुठेतरी बसून ती केस जशीच्या तशी कागदावर उतरवा: प्रश्न, आकडे, तुम्ही काय विचारलं, त्याने कुठे टोकलं. संध्याकाळी पार्टनरसोबत ती परत सोडवा. पुढच्या राउंडला बोलावलं तर आधीच्या राउंडला जिथे कच्चे वाटलात तिथेच ते बऱ्याचदा परत बोट ठेवतात, आणि तुमच्या हातात तोवर त्याचं उत्तर तयार असतं.